रात्रभर लावूनही गाडी भरत नाही? आधी हिशोब, मग दुरुस्ती

विजेवर चालणारी मोटार आता फक्त बंगलेवाल्यांची राहिलेली नाही. २०२० साली टाटांची नेक्सॉन ईव्ही, २०२२ साली टियागो ईव्ही आणि २०२३ साली एमजीची कॉमेट बाजारात आल्यापासून तयार कपडे, मसाले, चपला किंवा सुट्या भागांचे नमुने घेऊन गावोगाव फिरणारा व्यापारीही अशी गाडी घेऊ लागला आहे. पेट्रोलचा खर्च वाचतो, इंजिनाची कटकट नाही आणि घरच्या मीटरवर रात्री गाडी भरून घेता येते, हा त्यामागचा साधा हिशोब असतो.

पण गाडी दारात आल्यावर काही दिवसांतच एक तक्रार ऐकू येते. "रात्री दहाला लावली, सकाळी सहाला पाहिली तर सत्तर टक्केच भरलेली." मग सल्ले देणारे जमतात. कोणी म्हणतो, भिंतीवर मोठी पेटी बसवा. कोणी म्हणतो, मोठा एमसीबी टाका. कोणी सांगतो, बॅटरीच गेली. पहिल्या सल्ल्यात पैसे जातात, दुसऱ्यात घराला आग लागू शकते आणि तिसऱ्यात चांगली गाडी मातीमोल भावाने विकली जाते. म्हणून या लेखात आपण हा दोष क्रमाने कसा शोधावा, ते पाहू. गाडी घेतलेल्या व्यापाऱ्याला आणि दुरुस्तीला बोलावल्या जाणाऱ्या वायरमन बांधवाला, दोघांनाही याचा उपयोग व्हावा.

खरोखर गाडी हळू भरते आहे का?

सुरुवात वहीपेन्सिल घेऊन करावी. समजा, आपल्या गाडीची बॅटरी २४ युनिटची आहे आणि आपला रोजचा फेरा १२० किलोमीटरचा आहे. छोटी गाडी एका युनिटात साधारण ८ किलोमीटर चालते असे धरले, तर रोज १५ युनिट खर्च होतात. भिंतीतून घेतलेली सगळी वीज बॅटरीत पोचत नाही. दहा ते पंधरा टक्के उष्णतेत व गाडीच्या आतील यंत्रणेत जाते. म्हणजे १५ युनिट परत भरायला मीटरवर सुमारे १७ युनिट पडतील.

आता रात्री दहा ते सकाळी सहा असे आठ तास हातात आहेत. भिंतीतून तासाला ३ युनिट मिळत असतील, तर पावणेसहा तासांत काम होते. तासाला २ युनिटच मिळत असतील, तर आठ तासांत १६ युनिट येतात. रोज फक्त एका युनिटाच्या आसपास तूट पडते, ती पहिल्या दिवशी जाणवतही नाही. पण सहा दिवसांत बॅटरीचा पाव हिस्सा रिकामा होतो. आणि तासाला १.४ युनिटच मिळत असतील, तर बॅटरीत रात्रभरात जेमतेम साडेनऊ युनिट जातात. अशा वेळी सोमवारी भरलेली गाडी बुधवारी रस्त्यात उभी राहील. दुकानाच्या खात्यात जमेपेक्षा खर्च थोडा जरी जास्त असला, तरी शेवटी गल्ला रिकामा होतो, तसेच हे आहे.

याच हिशोबाने दुसरी बाजूही कळते. एखाद्याची बॅटरी ४० युनिटची असेल आणि तो घरच्या साध्या सॉकेटवर ती शून्यापासून पूर्ण भरू पाहत असेल, तर पंधरा तास लागणारच. तो दोष नव्हे. रोज चालेल तेवढे रोज भरले की व्यवहार जमला.

मीटरवरचा एक तास

तासाला किती युनिट मिळतात, हे पाहण्यासाठी कोणतेही हत्यार लागत नाही. फ्रिज, पंखे, पंप, सर्व काही एक तास बंद ठेवावे. गाडी निम्म्याच्या आसपास भरलेली असताना लावावी. विजेच्या मीटरवरचा आकडा लिहून घ्यावा आणि बरोबर एक तासाने पुन्हा लिहावा. वजाबाकी केली की उत्तर हातात.

घरगुती तीन पिनांच्या १५ अँपिअरच्या सॉकेटवर चांगली चालणारी यंत्रणा तासाला ३ युनिटच्या आसपास घेते. आकडा २.२ ते २.३ आला, तर गाडी बहुधा १० अँपिअरवर मर्यादित आहे. १.८ आला तर ८ अँपिअर, १.४ आला तर ६ अँपिअर. कारण हिशोब सरळ आहे: व्होल्टेज गुणिले अँपिअर म्हणजे वॅट आणि हजार वॅट एक तास चालले की एक युनिट. २३० व्होल्टला १३ अँपिअरने गुणले की २,९९० वॅट, म्हणजे तासाला जवळजवळ तीन युनिट.

आकडा यांपैकी एखाद्याशी जुळला, तर दोष बहुधा सेटिंगमध्ये आहे, तारेत नव्हे. बऱ्याच गाड्यांच्या पडद्यावर चार्जिंगचा करंट कमी-जास्त करता येतो, तर काही केबलच्या पेटीवरच तसे बटण असते. विक्रेत्याने किंवा घरच्या मुलाने तो कमी ठेवलेला असतो आणि महिनोन् महिने कोणी पाहत नाही. तेथेच वेळेचे सेटिंगही तपासावे. गाडी रात्री दोनला सुरू होण्यासाठी लावलेली असेल, तर दहाला प्लग लावून काय उपयोग? ऐंशी टक्क्यांवर थांबण्याची मर्यादा घातली आहे का, तेही पाहावे.

मात्र एक सावधगिरी बाळगावी. करंट मुद्दाम कमी केलेला असू शकतो, कारण सॉकेट तापत होते. म्हणून तो वाढवण्यापूर्वी पुढील तपासणी केल्याशिवाय राहू नये.

सर्वांत अरुंद जागा शोधा

पुष्कळांचा समज असा की भिंतीवरची पेटी म्हणजे चार्जर. तसे नाही. घरच्या विजेवर भरताना खरा चार्जर गाडीच्या आत बसवलेला असतो. भिंतीवरची पेटी किंवा केबलमधली डबी फक्त सुरक्षिततेची तपासणी करते आणि 'तू इतके अँपिअर घेऊ शकतेस' असा निरोप गाडीला देते.

तेव्हा तीन आकडे शेजारी-शेजारी लिहावेत: घरची तार व सॉकेट किती देऊ शकते, पेटी किती देण्याची परवानगी देते आणि गाडीतला चार्जर किती घेऊ शकतो. तिन्हींत जो आकडा लहान, तोच चालणार. गाडीतला चार्जर ३.३ किलोवॅटचा असेल, तर भिंतीवर ७.२ किलोवॅटची पेटी बसवून एक मिनिटही वाचणार नाही. टियागो ईव्हीसारख्या गाडीत ३.३ आणि ७.२ असे दोन्ही प्रकार विकले गेले आहेत. म्हणून नावावर न जाता आपल्याच गाडीची पुस्तिका उघडून पाहावी.

थ्री फेजचाही असाच घोटाळा होतो. ११ किलोवॅटची थ्री फेज पेटी प्रत्येक फेजवर १६ अँपिअर देते. गाडीतला चार्जर सिंगल फेजचा असेल, तर तो तिच्यातली एकच फेज वापरतो आणि हाती ३.७ किलोवॅट पडतात. मोठा खर्च करून थ्री फेज जोडणी घेतलेल्या माणसाला साध्या सॉकेटपेक्षा थोडेच जास्त मिळते. हे खरेदीआधी सांगणे विक्रेत्याचे काम आहे आणि विचारणे ग्राहकाचे.

व्होल्टेज कोठे गळते?

मीटरचा आकडा वरच्या कोणत्याच हिशोबात बसत नसेल, किंवा मोटारीच्या पडद्यावर अँपिअर पूर्ण दिसत असूनही युनिट कमी पडत असतील, तर व्होल्टेज मोजावे. गाडी ठरलेल्या अँपिअरच्या वर जात नाही. म्हणून व्होल्टेज पडले की भरण्याची गती त्याच प्रमाणात पडते. २३० ऐवजी १९० व्होल्ट आले, तर तेच १३ अँपिअर ३ ऐवजी अडीच किलोवॅटच देतात.

येथून पुढचे काम परवानाधारक वायरमनचे आहे. घरमालकाने बोर्ड उघडू नये. वायरमनने चार आकडे घ्यावेत: गाडी लावण्यापूर्वी मुख्य बोर्डावर व सॉकेटवर, आणि गाडी पूर्ण करंट घेत असताना पुन्हा त्याच दोन जागी.

समजा, गाडी लावण्यापूर्वी दोन्हीकडे २३२ आहे. गाडी लावल्यावर मुख्य बोर्डावर २२८ आणि सॉकेटवर २२४ आले, तर वायरिंग ठीक आहे. मुख्य बोर्डावर २२८ पण सॉकेटवर २०४ आले, तर घरातल्या वायरिंगमध्ये दोष आहे. दोन्हीकडे २०५ आले, तर मीटरपर्यंत येणाऱ्या सर्व्हिस वायरमध्ये, मीटरच्या जोडात किंवा खांबावर दोष आहे. तेव्हा वीज कंपनीकडे लेखी तक्रार करावी आणि आकडे त्यात लिहावेत. गाडी लावण्याआधीच व्होल्टेज १९५ असेल, तर सबंध वस्तीचा ट्रान्सफॉर्मर ओझ्याखाली आहे. यंत्रमाग, पंप किंवा वेल्डिंगची दुकाने एकाच ट्रान्सफॉर्मरवर असलेल्या वस्तीत हे संध्याकाळी होते. तेथे रात्री उशिरा गाडी लावून पुन्हा मोजावे. घरगुती स्टॅबिलायझर लावून हा प्रश्न सुटत नाही. तो बाहेरून आणखी जास्त करंट ओढतो आणि कमजोर तारेवर ओझे वाढवतो.

वायरमन बांधवांनी येथे एक हिशोब ध्यानात ठेवावा. बोर्डापासून सॉकेट २० मीटर दूर आहे आणि तांब्याची अडीच एमएमची तार आहे, असे धरा. जाऊन-येऊन ४० मीटर तारेत १३ अँपिअरला फक्त ४ व्होल्ट पडतात. दीड एमएमची तार असली तरी सव्वासहा. मग चोवीस व्होल्ट कोठे गेले? तांब्याच्या तारेच्या लांबीत नव्हेत. ते कुठल्यातरी सैल जोडात, जळलेल्या स्विचमध्ये किंवा जुन्या ॲल्युमिनियमच्या तारेला पिळून जोडलेल्या तांब्यात गेले. २४ व्होल्ट गुणिले १३ अँपिअर म्हणजे ३१२ वॅट उष्णता भिंतीत कोठेतरी तयार होत आहे. गाडी हळू भरते ही येथे लहान गोष्ट झाली. मोठी गोष्ट ही की भिंतीच्या आत एक शेगडी पेटलेली आहे.

तापणारा प्लग

सर्वांत जास्त सापडणारा दोष मात्र भिंतीच्या बाहेरच असतो, तो म्हणजे सॉकेट. गिझर किंवा इस्त्री अर्धा-पाऊण तास चालते. गाडी सलग सात-आठ तास पूर्ण करंट घेते. स्वस्त सॉकेटच्या पितळी पट्ट्या तापून सैल होतात, सैल झाल्या की आणखी तापतात. पिनेच्या जोडात केवळ ०.२ ओहमचा अडथळा आला, तरी १३ अँपिअरला तेथे ३४ वॅट उष्णता निघते. रेडिओ दुरुस्त करणाऱ्या कारागिराची सोल्डरिंग इस्त्री २५ वॅटच्या आसपास असते आणि ती शिसे-कथील वितळवते. मग प्लास्टिकचे काय होईल, ते सांगायला नको.

अनेक केबलच्या प्लगमध्ये उष्णता ओळखणारी सोय असते. प्लग तापला की ती करंट कमी करते किंवा काही वेळ चार्जिंग थांबवते. म्हणून ज्या गाडीत पहिला अर्धा तास गती चांगली आणि पुढे कमी, असे दिसते, तेथे प्रथम प्लगवर संशय घ्यावा. अर्ध्या तासाने प्लगच्या बाहेरील प्लास्टिकला उलटा हात लावून पाहावे. कोमट असेल तर चालेल. हात ठेववत नसेल, पिनांवर काळसर डाग असेल किंवा जळका वास येत असेल, तर मुख्य बोर्डावरून वीज बंद करावी आणि ते सॉकेट बदलेपर्यंत गाडी लावू नये. नुसते घासून, पट्टी चिमटून पुन्हा लावणे ही दुरुस्ती नव्हे. एक्स्टेन्शन बोर्ड तर कोणत्याही परिस्थितीत वापरू नये.

मोठा एमसीबी आणि खोटे अर्थिंग

एमसीबी वारंवार पडू लागला की ग्राहक म्हणतो, "भाई, मोठा टाकून द्या ना, म्हणजे पडणार नाही." वायरमनने हे ऐकू नये. एमसीबी गाडीसाठी नसतो, तारेसाठी असतो. तार अडीच एमएमची आणि एमसीबी ३२ अँपिअरचा, असे केले म्हणजे पहारेकऱ्याला झोपेची गोळी दिली. तार तापेल, पण एमसीबी पडणार नाही.

दुसरी गोष्ट याहून घातक आहे. घरात नीट अर्थिंग नसले, की केबलची पेटी लाल दिवा दाखवते आणि गाडी भरायचे नाकारते. मग कोणी 'युक्ती' सांगतो की सॉकेटमध्येच न्यूट्रलची तार अर्थच्या पिनेला जोडा. दिवा हिरवा होतो, गाडी भरू लागते आणि सर्वांना वाटते काम झाले. पण पुढे कधी मागे न्यूट्रल तुटला, तर घरातल्या इतर उपकरणांमधून येणारी वीज त्याच जोडाने गाडीच्या पत्र्यावर येते. ओल्या जमिनीवर उभे राहून दाराला हात लावणाऱ्याचा जीव जातो. अशी जोडणी करणारा कारागीर मजुरी घेऊन घरात मृत्यू ठेवून जातो, असे म्हटले तर ते जास्त होणार नाही.

हा खोटा जोड ओळखण्याची खूण अशी: गाडी भरत असताना न्यूट्रल आणि अर्थ यांच्यामध्ये मोजले, तर चांगल्या घरात दोन-चार व्होल्ट दिसतात, कारण न्यूट्रलच्या तारेत थोडे व्होल्टेज पडतेच. पूर्ण भार असूनही आकडा अगदी शून्य आला, तर सॉकेट उघडून पाहावे. आणि आकडा पुष्कळ मोठा आला, तर अर्थ तुटलेला आहे किंवा न्यूट्रलचा जोड सैल आहे. खड्ड्याचे अर्थिंग चांगले आहे की नाही, हे साध्या मीटरने कळत नाही. त्यासाठी अर्थ टेस्टर आणावा.

गाडीवर संशय शेवटी

एवढे सगळे ठीक निघाले, तरच गाडीकडे वळावे. शेवटच्या काही टक्क्यांत गती कमी होणे नैसर्गिक आहे; त्या वेळी बॅटरी आपल्या सेलची पातळी सारखी करत असते. भर उन्हात लांबचा प्रवास करून आल्या-आल्या लावली, तर गरम बॅटरी करंट कमी घेऊ शकते, शिवाय तिला थंड करण्यात वीज जाते. गाडीत बसून एसी चालू ठेवून भरणाऱ्याने तक्रार करू नये.

खात्रीसाठी एक सोपी परीक्षा आहे. तीच गाडी, तीच केबल घेऊन चांगले वायरिंग असलेल्या नातेवाइकाच्या घरी एक तास लावावी. तेथे नीट भरली, तर दोष आपल्या घरात. तेथेही हळू भरली, तर तशीच पण दुसरी केबल लावून पाहावी. केबल बदलूनही फरक पडला नाही, तरच गाडी कंपनीच्या कार्यशाळेत न्यावी आणि मोजलेले सर्व आकडे सोबत न्यावेत. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. तीन गोष्टी एकदम बदलल्या तर दोष कशात होता, हे कधीच कळत नाही.

कायमचा उपाय

बहुतेक घरांत उपाय एकच असतो आणि तो मोठ्या पेटीपेक्षा स्वस्त पडतो: मुख्य बोर्डापासून गाडीसाठी स्वतंत्र तार. १५-१६ अँपिअरच्या सॉकेटला तांब्याची ४ एमएमची तार, मध्ये एकही जोड नाही, चांगल्या प्रतीचे १६ अँपिअरचे सॉकेट, तारेला साजेसा एमसीबी, ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी आणि स्वतंत्र अर्थिंग. गाडी खरोखर ७.२ किलोवॅट घेणारी असेल, तर ३२ अँपिअरसाठी कमीत कमी ६ एमएम आणि अंतर जास्त असल्यास १० एमएम तार घ्यावी. त्याआधी वीजबिलावर छापलेला 'मंजूर भार' वाचावा आणि गाडी धरून तो पुरत नसेल, तर वाढवून घेण्याचा अर्ज करावा. घरी किंवा कार्यालयात स्वतःची गाडी भरायला केंद्र सरकारच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनी मुभा दिलेली आहे. पण तारेच्या सुरक्षिततेची जबाबदारी आपलीच आहे.

वायरमन बांधवांना शेवटी एक सांगणे आहे. हे नवे काम आपल्या दारात आले आहे आणि त्यात पुढे मोठी मागणी आहे. काम झाल्यावर व्होल्टेजचे चारही आकडे, तारेची जाडी आणि तारीख एका कागदावर लिहून बोर्डाच्या आत चिकटवावे. ज्या ग्राहकाला मोठ्या पेटीची गरज नाही, त्याला तसे स्पष्ट सांगावे. त्या दिवशी कमाई कमी होईल. पण तोच व्यापारी बाजारात आपले नाव चार ठिकाणी सांगेल. आणि व्यापारी बंधूंनी कारागिराची ही मोजणी फुकटची समजू नये. सॉकेटचे पैसे देताना हात आखडत नाही, तसा तपासणीची मजुरी देतानाही आखडू नये. कारण दोष शोधणे हेच खरे काम आहे. सुटा भाग बदलणे हे त्यानंतरचे.